पाच नद्यांच्या गावातील मराठी

तंजावर शहर मागे टाकून गाडी उत्तरेकडे तिरुवैयारूच्या रस्त्याला लागली, की लहान मुलांना एक खेळ आपोआप सापडतो. हा खेळ पूल मोजण्याचा. पहिला पूल वडवारूचा, दुसरा वेण्णारूचा, तिसरा वेट्टारूचा, चौथा कुडमुरुट्टीचा आणि पाचवा खुद्द कावेरीचा. अंतर म्हणाल तर बारा-तेरा किलोमीटरांचे. परंतु तेवढ्यात पाच नद्या ओलांडाव्या लागतात आणि पाचवी ओलांडली की गाव येते. तमिळ भाषेत ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी आणि ‘तिरु’ म्हणजे श्री. या तीन शब्दांतून तिरुवैयारू हे नाव घडले. संस्कृत जाणणाऱ्यांनी त्यालाच पंचनद क्षेत्र म्हटले. गावाचे नावच प्रवाशाला त्याची वाट सांगते, असे उदाहरण क्वचितच आढळेल.

या पाच नद्या वस्तुतः एकाच माउलीच्या लेकी आहेत. वरच्या अंगाला कल्लणै नावाचे पुरातन धरण आहे. चोळ राजा करिकाल याने ते बांधले, असे परंपरा सांगते. तेथे कावेरीपासून वेण्णारू फुटते. पुढे वेण्णारूतून वेट्टारू आणि वडवारू निघतात, तर कुडमुरुट्टी ही कावेरीचीच शाखा. या फाट्यांच्या आणि त्यांतून काढलेल्या कालव्यांच्या जाळ्यामुळेच तंजावरचा प्रदेश भाताचे कोठार झाला. सन १९३४ मध्ये मेट्टूरचे मोठे धरण पूर्ण झाल्यापासून या नद्यांचे पाणी मेट्टूरच्या दरवाजांवर अवलंबून राहू लागले. जलाशयात पुरेसे पाणी असेल त्या वर्षी १२ जूनच्या सुमारास ते सोडण्याचा प्रघात आहे. कोरड्या वाळूवरून पाण्याची पहिली जीभ सरकत पुढे येते, तेव्हा काठावरची माणसे ती पाहावयास जमतात. पुढे तमिळ आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, नदीचा सण येतो. त्या दिवशी सुवासिनी नदीची पूजा करतात, आणि घरोघर चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात असे नाना प्रकार शिजवून, ते बांधून नेऊन, मंडळी काठावर जेवावयास बसतात.

गाव लहान. मध्यभागी पंचनदीश्वराचे विस्तीर्ण देवालय, त्याच्या चहूबाजूंना रथाचे रस्ते, त्यांतून निघालेल्या गल्ल्या आणि खाली कावेरीचा घाट. तमिळ लोक या देवाला ऐयारप्पर म्हणतात आणि देवीला धर्मसंवर्धिनी. सातव्या शतकातील शिवभक्त अप्पर यांची कथा येथे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. वृद्धपणी कैलासदर्शनाच्या ओढीने ते उत्तरेकडे चालत निघाले. पाय झिजले तेव्हा हातांनी सरकत आणि तेही थकले तेव्हा अंगाने लोळत ते जात राहिले. अखेरीस देवाने त्यांना एका सरोवरात बुडी मारावयास सांगितले. बुडी मारून वर येतात तो ते तिरुवैयारूच्या तळ्यात! आणि कैलासाचे दर्शन त्यांना तेथेच घडले. या आवारातच राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने बांधविलेले ‘उत्तरकैलास’ मंदिर आहे. चैत्राच्या सुमारास ‘सप्तस्थान’ उत्सव होतो, तेव्हा येथील देवाची पालखी भोवतालच्या सहा गावांना भेट देऊन परत येते आणि सात गावांचे देव जणू परस्परांचे सोयरे होतात.

परंतु हे गाव भारतभर ओळखले जाते ते त्यागराजांमुळे. त्यांचा जन्म १७६७ मध्ये तिरुवारूर येथे झाला. आयुष्य मात्र तिरुवैयारूच्या एका साध्या घरात गेले. राजदरबारातून आलेले बोलावणे त्यांनी नाकारले आणि रामभक्तीपुढे धन तुच्छ मानले, ही कथा दक्षिणेत मुलांनाही ठाऊक असते. भावाने रागाच्या भरात त्यांची राममूर्ती कावेरीत फेकली आणि पुष्कळ दिवसांनी ती वाळूत सापडली, अशीही आख्यायिका आहे. ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी देह ठेवला आणि कावेरीकाठीच त्यांची समाधी झाली. दरवर्षी पौष वद्य पंचमीला तेथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच प्रसिद्ध रचना एका सुरात गातात. ज्यांना संगीत कळत नाही, तेही तो नाद ऐकून उठत नाहीत.

या समाधीवर आज जे मंदिर उभे आहे, ते बेंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातील गायिकेने बांधविले. समाधी दुर्लक्षित झाल्याचे कळताच तिने आपला पैसा आणि दागिने त्या कामी वेचले. त्या काळी या आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. तिने धीर सोडला नाही. स्त्रियांची आराधना तिने वेगळी उभी केली आणि पुढे पंथभेद मिटून सर्वांची आराधना एक झाली. १९५२ मध्ये ती निवर्तली. तिचेही स्मारक समाधीसमोरच आहे.

आता, वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाव तमिळ, संताची वाणी तेलुगू, समाधीची जीर्णोद्धारकर्ती म्हैसूरकडची कन्नड, पाठशाळा संस्कृताची. आणि ज्या राजांच्या छत्राखाली हा संत वाढला, ते राजे मराठी! व्यंकोजी राजे भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ मध्ये शेवटचे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले, तोपर्यंत सुमारे एकशे ऐंशी वर्षे या पाच नद्यांच्या काठी मराठी ही राज्यकर्त्यांची भाषा होती. दप्तर मोडी लिपीत चाले. शहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरी उभा राहिला. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भव्य देवालयाच्या भिंतीवर भोसले कुळाचा संपूर्ण इतिहास मराठीत कोरविला. त्याच राजाने नागरी टंकांचा छापखाना काढला, आणि इसापनीतीचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ हे १८०६ च्या सुमारास तेथून छापून निघाले. मराठी मुलांसाठी छापलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एक पुस्तक पुणे-मुंबईस न छापता कावेरीच्या खोऱ्यात छापले गेले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तिरुवैयारूतही त्या राजवटीच्या खुणा आहेत. नदीकाठचा कल्याणमहाल सरफोजींच्या काळातला. घाटावरचा पुष्यमंडप मराठा राजांचा. काशी-रामेश्वराच्या यात्रेकरूंना अन्न आणि निवारा मिळावा म्हणून राजांनी ठिकठिकाणी बांधलेल्या छत्रांचे उत्पन्न पुढे विद्येकडे वळले आणि त्यातून तिरुवैयारूच्या संस्कृत पाठशाळेलाही आधार मिळाला. राज्य गेले, पण दानधर्माचा ओघ विद्यारूपाने वाहत राहिला, हे त्या घराण्याला भूषणावहच होय.

कारभारी, कारकून, पुराणिक, शिपाई, कीर्तनकार अशी जी मराठी माणसे राजांच्या मागोमाग आली, ती राज्य बुडाल्यावर परत फिरली नाहीत. त्यांना परतावयाचे गाव तरी कोठे उरले होते? तंजावर, कुंभकोणम्, तिरुवैयारू हेच त्यांचे घर झाले. त्यांच्या वंशजांना तेथे ‘रायर’ किंवा ‘राव’ म्हणून ओळखतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे जन्मलेले याच समाजाचे सुपुत्र. मराठी कीर्तनाची तऱ्हाही याच वाटेने तमिळ देशात रुजली. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांनी तिचे बीज घेऊन दक्षिणी हरिकथेला नवे रूप दिले, म्हणून साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ हरिकथेत आजही ऐकू येतात. स्वयंपाकघरातही तसेच झाले. तमिळ घरांतले ‘पिट्लै’ हे आपल्या पिठल्याचे दूरचे भावंड, आणि ‘रसवांगी’ या पदार्थात आपले वांगे नावासकट जाऊन बसले आहे. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला, अशीही एक लाडकी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी या वादात न पडता आम्ही ते सांबार दोनदा मागून घेतले, एवढेच सांगतो.

तिरुवैयारूतल्या अशाच एका घरी आम्ही सकाळी गेलो होतो. ओसरी, लाकडी खांब, मधला चौक, चौकात तुळस. घरच्या आजीबाईंनी पितळी वाटीपेल्यातून कॉफी दिली आणि बशीत गावचा प्रसिद्ध अशोका हलवा ठेवला. मुगाच्या डाळीचा तो तूपकट हलवा जिभेवर ठेवताच विरघळतो. मग त्या मराठीत बोलू लागल्या. प्रथम आम्हांस कळेना. कारण शब्द आपले, पण हेल तमिळ. जरा कान बसल्यावर ध्यानात आले, की आमच्या आजीच्या तोंडी असलेले आणि आम्ही केव्हाच विसरलेले काही शब्द त्या सहज वापरीत आहेत. तीनशे वर्षांपूर्वी निघालेली भाषा जणू एका बंद पेटीत जपून राहिली होती. आणि तरीही ती पेटीतली नव्हती, कारण त्या तिच्यात भाजीवालीच्या भावापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सर्व बोलत होत्या.

आजीबाईंना मराठी वाचता येत नव्हते. त्यांच्या सासऱ्यांना मोडी येत असे. यजमान मराठी पत्रे तमिळ लिपीत लिहीत. मुलगा ती वाचू शकतो, पण लिहीत नाही. नातू ऐकतो आणि तमिळमध्ये उत्तर देतो. चार पिढ्यांत एक भाषा एकेक पायरी कशी उतरत जाते, याचा हा हिशेब त्यांनी कसलीही तक्रार न करता सांगितला. “पोराची चूक नाही,” त्या म्हणाल्या. “शाळा तमिळ, मित्र तमिळ, सून तमिळ घरची. सून माझी गुणाची आहे. तिच्यासमोर तिला न कळणारे बोलणे मला बरे वाटत नाही. म्हणून मीही तमिळच बोलते. मराठी आता देवाशी आणि स्वतःशी.”

आम्ही काय बोलणार? त्या बाईंच्या मनात परक्या भाषेविषयी राग नव्हता. उलट सुनेविषयीचे प्रेम होते, आणि त्या प्रेमापोटीच त्या आपली भाषा मागे सारीत होत्या. बळजबरीने भाषा मरते, हे आपण इतिहासात वाचतो. सौजन्यानेही ती मरू शकते, हे आम्ही त्या चौकात पाहिले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचे द्वीपकल्प आहे. तेथे केंपेर्ले नावाचे एक छोटे गाव आहे. एले आणि इझोल या दोन नद्या त्या गावात मिळतात आणि लैता होऊन समुद्राकडे जातात. तेथील ब्रेतन भाषेत ‘केंपेर’ म्हणजे संगम. एले नदीचा संगम म्हणून केंपेर्ले. आपल्या तिरुवैयारूप्रमाणे त्याचेही नाव नद्यांनीच ठेवले! ही ब्रेतन भाषाही मूळची तेथली नव्हे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ब्रिटन बेटातून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी ती आणली आणि परक्या भूमीत रुजविली. त्या गावात १८१५ मध्ये जन्मलेल्या ला व्हिलमार्के या गृहस्थाने शेतकरी स्त्री-पुरुषांच्या तोंडची गीते गोळा करून १८३९ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा पॅरिसच्या पंडितांना कळले, की अडाणी समजल्या गेलेल्या या भाषेत केवढे धन आहे.

तरीही शाळांतून ब्रेतन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुना खडावा अडकविण्याची शिक्षा पुष्कळ वर्षे चालू होती. दुसरा कोणी ब्रेतन बोलताना सापडला, की ते ओझे त्याच्या गळ्यात जाई. म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवावी! अशा शाळांतून वाढलेल्या पिढीने पुढे आपल्या मुलांना लाज वाटू नये म्हणून घरातही फ्रेंचच धरली. १९५० च्या सुमारास ब्रेतन बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते; आज ते दोन लाखांहूनही कमी उरले आहेत आणि त्यांतले पुष्कळसे वृद्ध आहेत. हे पाहून काही पालक जागे झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी ‘दिवान’ नावाची पहिली ब्रेतन शाळा काढली. दिवान म्हणजे अंकुर. आज तेथे अशा अनेक शाळा आहेत. परंतु ज्या मुलांच्या आजोबांना ब्रेतन बोलल्याबद्दल शिक्षा झाली, त्या मुलांना तीच भाषा आता पुस्तकातून शिकावी लागते. घरात जी फुकट मिळाली असती, तिचे मोल बाजारात केवढे पडते पहा!

आपल्या देशाची नीती सुदैवाने निराळी आहे. १९५६ मध्ये राज्यघटनेत घातलेल्या अनुच्छेद ३५० (क) ने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीची हस्तलिखिते आणि मोडीचे कागद जपून ठेवले आहेत. परंतु विखुरलेल्या शे-दोनशे घरांतली मुले एका वर्गात गोळा व्हावीत कशी? आणि ग्रंथालयातला कागद घरात बोलावयास येणार कसा? बृहदीश्वराच्या भिंतीवरची अक्षरे आणखी हजार वर्षे टिकतील. आजीबाईंची मराठी त्यांच्या नातवाने उचलली नाही, तर ती आणखी दहा-वीस वर्षेच ऐकू येईल.

यावर उपाय कोणता? तमिळ सोडा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. ज्या मातीने तीनशे वर्षे अन्न दिले, तिची भाषा ही त्या घरांची खरी जीवनभाषा आहे आणि असावी. परंतु लहान मुलाच्या मनात दोन भाषा सुखाने नांदतात, हा जगभरचा अनुभव आहे. मुलाशी एका माणसाने एक भाषा नेमाने बोलावी, एवढेच पुरते. आजीने नातवाशी मराठीच बोलावे. नातवाने वाटल्यास तमिळमध्ये उत्तर द्यावे. त्याच्या कानावर पडलेले वाया जात नाही. आणि सुनेलाही त्यात ओढून घ्यावे. तिला न कळणारे बोलू नये ही भावना थोर खरी. पण तिला कळेल असे करणे ही तिच्याहूनही थोर.

हेच आम्ही आजीबाईंना भीत भीत सुचविले. त्या काही बोलल्या नाहीत. सूनबाई मात्र दारात उभी राहून ऐकत होती. ती तमिळमध्ये काहीसे म्हणाली आणि आजीबाई एकदम हसू लागल्या. आमच्या सोबत्याने त्याचा अर्थ सांगितला : “मला काय कळत नाही असे यांना वाटते? बारा वर्षे या घरात आहे. यांनी देवापाशी माझ्याविषयी काय काय सांगितले, ते सगळे मला ठाऊक आहे!”

निघताना आजीबाईंचा नातू आमच्याबरोबर कावेरीच्या पुलापर्यंत आला. आम्ही त्याला पुलांचा खेळ सांगितला. तंजावरपर्यंत किती पूल लागतील, असे विचारताच त्याने बोटे मोडून मोजावयास प्रारंभ केला, आणि मोजले ते मराठीत. एक, दोन, तीन, चार, पाच. भाताची मापे मोजताना आजी अशीच मोजते, असे त्याने तमिळमध्ये स्पष्टीकरण दिले. पाचाच्या पुढे येते का, असे आम्ही विचारले. त्याने मान हलवली. येत होते, वीसपर्यंत.

आपल्या वाचकांत परप्रांती राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणी मराठी मंडळी इंदुरास, कोणी बडोद्यास, कोणी हैदराबादेस. तसेच महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या तमिळ, तेलुगू, कन्नड मंडळींचीही घरे आहेत. त्या सर्वांस आमची एक विनंती आहे. या सुट्टीत एक साधी वही घ्यावी आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसावे. त्यांच्या भांड्यांची नावे, नात्यांची नावे, सणांची गाणी, पदार्थांच्या कृती, मुलांना झोपविताना म्हणावयाचे शब्द, जसे ते उच्चारतील तसे लिहून घ्यावेत. लिपी कोणतीही चालेल. पानावर तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घालावयास विसरू नये. आणि लिहून झाल्यावर वही कपाटात न ठेवता तिच्यातील एक तरी गाणे घरातील लहान मुलाला पाठ करून द्यावे.